दोन कप पेने म्हणजे नेमके किती ग्रॅम? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात व्हाइट सॉसमधल्या बेक्ड पास्त्याची रेसिपी दिली होती, त्यात "२ कप पेने" असं होतं, आणि या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं आणि मेसेज त्या दोन कपांवरच आहेत. त्यामुळे लोणच्याची बुरशी, मधेच खाली बसलेला केक वगैरे मंडळी पुढच्या महिन्यात, यावेळी फक्त पास्ता आणि त्याचं मोजमाप. काहींनी नाव छापू नका म्हटलंय म्हणून सगळ्यांचीच नावं गाळलीत, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): ताई, तुमच्या रेसिपीत २ कप पेने लिहिलंय. माझ्याकडे ५०० ग्रॅमचं पाकीट होतं, घरात वजनकाटा नाही. जाऊबाई म्हणाल्या अगं एक कप म्हणजे २५० ग्रॅम, दोन कप म्हणजे अख्खं पाकीट, सरळ हिशोब आहे. तसंच केलं. सॉस कुठं गेला तेच कळेना, वरून दूध घालत बसले, शेवटी पोरांनी केचप ओतून खाल्लं. जाऊबाई म्हणतात रेसिपीच चुकीची आहे. खरं काय ते सांगा, घरात विषय निघतोय रोज.

उत्तर: जाऊबाईंना नमस्कार सांगा, पण त्या २५० च्या पुढे ग्रॅम नाहीये, मिलिलिटर आहे. कप म्हणजे जागा. त्या जागेत काय भरताय त्यावर वजन ठरतं. पाणी भरलं तर २५० मिलिलिटरचं वजन २५० ग्रॅमच येतं, त्यामुळे हा घोळ घरोघरी पक्का बसलाय, पाण्याचा नियम सगळ्यांना लावून मोकळे. अहो साखर आणि मैदा सुद्धा सारखे नाहीत, २४० मिलिलिटरच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम मावते आणि मैदा जेमतेम १२०-१२५, मग पेनेसारखी पोकळ नळी कशी काय २५० भरेल?

पेनेचा एक कप म्हणजे ८५ ते ९५ ग्रॅम, आपण मधला ९० धरू. म्हणजे दोन कपांचे झाले १८० ग्रॅम, आणि तुम्ही घातले ५००, पावणेतीन पटीच्या वर. सॉस बिचारा तेवढ्याच माणसांचा केलेला, तो पुरणार कसा, त्यात बेक करताना पास्ता आणखी ओलावा ओढून घेतो.

खरं तर आपल्या भागात हे सांगायची गरज पडू नये. घरात जुनं माणूस असेल तर विचारा, पायली, शेर, मापटं, चिपटं ही सगळी मापं जागेचीच, चार शेरांची पायली, शेराचं निम्मं मापटं, मापट्याचं निम्मं चिपटं. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भुईमुगाच्या शेंगा, माप तेच, पण उचलणाऱ्याला विचारा फरक काय पडतो. ज्वारी अंगाला अंग लावून बसते, शेंगा एकमेकींना टेकून मधे हवा सोडतात. पेने ही शेंगेच्या जातीची, वरून ती आतूनही पोकळ. सुका पास्ता स्वतः पाण्यापेक्षा जड असतो, एका घन सेंटिमीटरला साधारण १.४ ग्रॅम (म्हणून तर पातेल्यात टाकला की तळाला जातो), त्या हिशोबाने ९० ग्रॅम पेनेचं खरं अंग ६५ मिलिलिटरच्या आसपास. कप २४० चा. बाकीचे पावणेदोनशे मिलिलिटर तुम्ही निव्वळ हवा मोजताय!

म्हणूनच आकार बदलला की आकडा बदलतो. एल्बो मॅकरोनी, म्हणजे आपली ती छोटी वाकडी नळी, ती दाटीवाटीने बसते, कपाला ११० ते १२० ग्रॅम. फुसिली, जिला दुकानात स्प्रिंग म्हणतात, ७५ ते ९०, पीळ किती सैल त्यावर. फुलपाखरू किंवा बो म्हणतात ती फारफाले सगळ्यात हलकी, ७० ते ८०, कारण तिचे पंख एकमेकांना जवळ येऊच देत नाहीत. मध्यम शंख पंचाहत्तरच्या पुढेमागे. आणि दुसऱ्या टोकाला ओर्झो, तांदळाच्या दाण्याएवढा पास्ता, तो तब्बल १७०-१८० भरतो. म्हणजे बघा, एकाच कपात फारफालेच्या दुप्पट ओर्झो, आणि दोन्हीच्या पाकिटावर पास्ताच लिहिलेलं.

आता काटा नाही तर करायचं काय. तुमच्याकडे वजन केलेली वस्तू आहे की, ते पाकीटच. त्यावर निव्वळ वजन छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तर पुढचं पाकीट आणाल तेव्हा अख्खं मोठ्या परातीत ओता. कप परातीत खुपसून भरू नका, हाताने वरून सोडा, आपटू नका, दाबू नका. पेने काही साखरेसारखी सपाट होत नाही, काठावर दोन-चार नळ्या डोकं वर काढून बसणारच, त्या जेवढ्या वर आल्यात साधारण तेवढे खळगे शेजारी दिसत असतील तर कप भरला समजायचं. भरलेला कप डब्यात ओता, मोजा, पुढचा भरा. शेवटचा कप अर्धा भरला तर अर्धाच मोजा, तळाचा चुरा त्यातच धरा. समजा साडेपाच कप झाले, तर ५०० भागिले साडेपाच, म्हणजे ९१ च्या आसपास. डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावून लिहून टाका, "पेने, १ कप = ९० ग्रॅम". तोच कप, त्याच कंपनीची पेने असेपर्यंत परत मोजायची गरज नाही. आणि कपच पाहिजे असंही नाही, रोजची आमटीची वाटी घ्या, आकडा वाटीचा येईल, आणि तुमच्या घरात तोच जास्त कामाचा.

जाऊबाईंकडून हे करून घ्या, विषय मिटेल किंवा नवीन निघेल.

प्रश्न (मिरज): नेटवर शोधलं तर एका ठिकाणी १ कप पेने १०० ग्रॅम, दुसरीकडे ८१, तिसरीकडे ९५. खरा आकडा कुठला? एवढी साधी गोष्ट यांना एकदा ठरवता येत नाही का?

उत्तर: नाही येत, आणि त्यात कुणाची लबाडी नाही. पहिलं म्हणजे कपच एक नाही. अमेरिकन कप २३६.६ मिलिलिटरचा, पाकिटावरच्या पोषणाच्या तक्त्यासाठी तिकडे तोच २४० धरतात, ऑस्ट्रेलियाचा २५०, जपानचा २००. आपल्याकडे बाजारात मिळणारे मेजरिंग कपचे सेट कधी २४० चे कधी २५० चे, बुडाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि घासून घासून तेही गेलेलं असतं.

दुसरं, पेने-पेनेत फरक. एका कंपनीची नळी जाड भिंतीची, एकीची लांब, एकीची छोटी. नाव एक असलं म्हणून बसणं एक नसतं. आणि तिसरं जे सहसा कुणी सांगत नाही ते म्हणजे भांड्याचा आकार. कप लहान आणि नळी मोठी असली की कडेलगत पोकळी राहते, नळ्या भिंतीला अडून आडव्यातिडव्या होतात. तीच पेने लिटरच्या मापात भरली तर मधला भाग दाट बसतो आणि दर कपामागे थोडी जास्त भरते. म्हणजे चार वेळा एक कप भरला आणि एकदाच चार कपांचं भांडं भरलं तर वजन एकच येईल असं नाही.

तुमचा कप किती मिलिलिटरचा ते बघायला अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी पुरते. तापवायच्या आधी पातेल्यात ओतताना कपाने ओता. बरोबर दोन कप झाले तर कप २५० चा. दोन कप होऊन तळाला चार चमचे दूध उरलं तर २४० च्या आसपास (मापाचा चहाचा चमचा ५ मिलिलिटर). अडीच कप झाले तर २०० चा. दूध वायाही जात नाही.

आणि ८१ की ९५ यावर डोकं फोडून घेऊ नका, दहा-पंधरा ग्रॅमने पास्त्याचं काही बिघडत नाही. तो केक नव्हे. बिघडतं कधी, ९० च्या जागी २५० धरले की.

प्रश्न (सदर बझार, सातारा): मुलगी अमेरिकेत असते, तिने तिकडच्या शेजारणीची मॅक अँड चीजची रेसिपी पाठवली. त्यात ८ औंस मॅकरोनी आहे. मी मेजरिंग कपवर बघितलं तर १ कप = ८ औंस असं चक्क कोरलंय. म्हणून एक कप घेतली. चीजचा नुसता लगदा झाला, मॅकरोनी हुडकावी लागली. मुलगी म्हणते आई तू निम्मीच घातलीस. पण कपवर तर लिहिलंय!

उत्तर: मुलगी बरोबर, आणि कपही बरोबर. औंस दोन आहेत. एक वजनाचा, २८.३५ ग्रॅमचा. दुसरा पातळ पदार्थांच्या मापाचा, अमेरिकेतला साडेएकोणतीस मिलिलिटरच्या थोडा वर. कपवर कोरलेला तो दुसरा. ८ औंस मॅकरोनी म्हणजे वजनाचे आठ, म्हणजे २२७ ग्रॅम, आणि एल्बोचा कप ११५ चा धरला तर होतात दोन कप. पेने असती तर अडीच. तुम्ही एक कप घातली म्हणजे खरंच निम्मी, आणि चीज सॉस मात्र पूर्ण.

तिकडच्या रेसिपीत दूध, क्रीम, स्टॉक असं ओतायचं काही असेल तर औंस मापाचा समजा, पास्ता, चीज, चिकन असं काही असेल तर वजनाचा. क्रीम चीज पण वजनाचं, नावात क्रीम असलं तरी. एवढं डोक्यात ठेवलं की सहसा गडबड होत नाही.

अमेरिकेत कपाने मोजायची सवय फार खोल गेलीय. बोस्टनच्या कुकिंग स्कूलच्या फॅनी फार्मर बाईंनी १८९६ साली आपल्या पाकपुस्तकात काठोकाठ सपाट कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला, त्याआधी तिकडेही "अंड्याएवढं लोणी" छाप रेसिप्या चालायच्या. त्यांच्या काळात ती सुधारणाच होती, पिठाला साखरेला बरी चालते. पास्त्याला नाही चालत, आणि म्हणूनच तिकडच्या पास्त्याच्या रेसिपीत बऱ्याचदा औंस किंवा पाउंड असतो, तो दिसला की खुश व्हायचं, रडायचं नाही. एक पाउंडाचा बॉक्स ४५४ ग्रॅमचा. आपलं पाकीट ५०० चं. "वन बॉक्स पेने" लिहिलं असेल तर आपल्या पाकिटातली अर्धा कप काढून ठेवा.

प्रश्न (कराड): आमची मेस आहे, छोट्या ऑर्डरी पण घेतो. बर्थडेची ऑर्डर आलीय ६० माणसांची, त्यात रेड सॉस पास्ता. पावभाजी, पुलाव, केक आहेच. मागच्या वेळी अंदाजाने डबे भरून टाकला तर निम्मा उरला. वाटीने मोजू का किलोने? पातेलं केवढं लागेल?

उत्तर: दादा, किलोने. ६० माणसांचा हिशोब वाटीने करायचा म्हणजे दर वाटीची छोटी चूक साठदा होणार. पावभाजी आणि पुलाव शेजारी असताना पास्ता माणशी ५० ग्रॅम सुका पुरतो, म्हणजे ३ किलो. त्यात पोरं जास्त असतील तर पोरं पास्त्यावरच तुटून पडतात आणि पावभाजीला हात लावत नाहीत, तेव्हा साडेतीन करा. पास्ता हेच मुख्य जेवण असेल तर मात्र माणशी ८० ते १००, पण तशी ऑर्डर आपल्याकडे कमीच.

निम्मा उरला तो का, तर तुम्ही सुका डबा बघून अंदाज बांधलात. सुका पास्ता दिसतो थोडा. ३ किलो पेने सुकी असताना ८ लिटरच्या भांड्यात मावते, शिजली की तिला १६ लिटर जागा लागते, आणि वजन होतं साडेसहा किलोच्या घरात. हे सॉस, भाज्या धरायच्या आधी. म्हणजे शेवटी सॉसमध्ये ढवळायला २५ लिटरचं पातेलं घ्या, काठोकाठ भरलेल्यात ढवळलं की नळ्या फुटतात आणि सगळा उपमा होतो.

उकडताना तिन्ही किलो एकदम टाकू नका. इटालियन लोकांचा जुना हिशोब आहे, १०० ग्रॅम पास्त्याला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. तुम्हाला एवढं पाणी एकदम उकळवत ठेवायला शेगडी पुरायची नाही, तर एका वेळी १ किलो, १० लिटर पाणी, आणि मीठ ७०-८० ग्रॅम, कारण सॉसमध्ये तुम्ही वेगळं घालणारच आहात. तेच पाणी पुढच्या किलोला वापरा, कमी झालं तर उकळतं पाणी वाढवा. पाकिटावर जेवढी मिनिटं लिहिलीत त्याच्या दोन मिनिटं आधी उपसा, सॉसमध्ये आणि हॉटपॉटमध्ये तो शिजतच राहतो.

सुटा पास्ता घेत असाल तर मार्केटमध्ये समोर काट्यावर घालून घ्या आणि आकार एकच घ्या. निम्मी स्प्रिंग निम्मी पेने असं मिक्स केलं की एक शिजते, एक कच्ची राहते.

प्रश्न (सांगली, हॉस्टेल): ताई, इंडक्शन आहे, एक पातेलं आहे, बाकी काही नाही. स्पॅगेटी कपात कशी मोजायची? मोडून?

उत्तर: मोडू नकोस रे बाबा. मोडली तरी कपाचा आकडा काही खरा नाही, किती बारीक मोडतोस त्यावर तो बदलणार. स्पॅगेटी जुडीने मोजायची. सगळ्या काड्या जवळपास एकाच लांबीच्या, साधारण २५ सेंटिमीटर, त्यामुळे जुडीची जाडी कळली की वजन कळलं. काड्या मुठीत घट्ट धर, टोकं टेबलावर आपटून एका रेषेत आण, आणि टोकाकडून बघ. पिवळं पाच रुपयाचं नाणं आहे ना, २३ मिलिमीटरचं, त्याच्याएवढी जुडी म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास, एका भुकेल्या माणसाचं जेवण. पाचाचं २०१९ च्या मालिकेतलं नाणं जरा मोठं आहे, २५ मिलिमीटर, त्याने धरलंस तर १२० कडे जाईल, तुझ्या वयाला तेही चालतंय. परदेशी पाकिटावर "सर्व्हिंग ५६ ग्रॅम" लिहिलेलं असतं ती जुडी फक्त १७ मिलिमीटरची, तेवढ्याने तुझं काही होणार नाही.

जाडी थोडी वाढली की वजन बरंच वाढतं हे लक्षात ठेव, कारण नुसती रुंदी नाही, सगळं वर्तुळ वाढतं. दहाच्या नाण्याएवढी, २७ मिलिमीटरची जुडी घेतलीस तर १४० झाले. दिसायला बोटभराचाही फरक नाही.

आणि मॅकरोनी वगैरे असेल तर पाकीट पेपरवर ओत, डोळ्याने दोन सारखे ढीग कर, मग त्यातल्या एकाचे परत दोन. ५०० चे २५०, २५० चे १२५. एक ढीग आज, बाकीचे डब्यात. काटा नको, कप नको.

प्रश्न (विटा): वय ६७, शुगर आहे. आहारतज्ज्ञ मॅडमनी कागदावर "पास्ता १ कप, आठवड्यातून एकदा" लिहून दिलंय. सूनबाई म्हणते सुका एक कप, मुलगा म्हणतो शिजलेला. दोघंही ठाम आहेत. मी कोणाचं ऐकू?

उत्तर: काका, दोघांचंही नको, फोन करून मॅडमनाच विचारा, कारण फरक थोडाथोडका नाही. मॅकरोनीचं बघा, सुका एक कप म्हणजे ११५ ग्रॅम, त्यात ४०० च्या वर कॅलरी. शिजलेला एक कप हवा असेल तर त्याला सुका ५० ग्रॅमच लागतो, कॅलरी १८० च्या आसपास. म्हणजे सूनबाईंचा कप मुलाच्या कपाच्या सव्वादोन पट. आहाराच्या कागदावर कप लिहिला असेल तर बहुधा शिजलेलाच अभिप्रेत असतो, पण बहुधावर शुगर सोडू नका.

विचाराल तेव्हा एवढंच विचारा, "सुका किती ग्रॅम?" त्याचं एकच उत्तर येतं. शिजवलेल्याचं वजन भरवशाचं नाही, कमी शिजवला तर १०० चे २०० होतात, मऊ केला तर २४० सुद्धा, ते वाढलेलं सगळं पाणी. कॅलरी तेवढ्याच. आणि पाकिटाच्या मागचा तक्ता सुक्या पास्त्याचा असतो, १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या पुढेमागे, तो बघून शिजलेला पास्ता तोलला की माणूस उगाच घाबरतो. उलट केलं की उगाच निर्धास्त होतो, ते जास्त वाईट. घरच्यांचा एकत्र उकडायचा असेल तर तुमचा सुका वेगळा तोलून बारीक गाळणीत घालून त्याच पातेल्यात सोडा, मग ताटात तुमचा किती यावर वाद नाही.

प्रश्न (मिरज): एवढं सगळं करण्यापेक्षा काटाच घेतला तर? कुठला घेऊ?

उत्तर: घ्याच. ५ किलोपर्यंत तोलणारा, १ ग्रॅमचा फरक दाखवणारा साधा डिजिटल किचन काटा बास झाला. दागिने तोलायचा पॉइंट झिरो वनवाला नको, त्यावर पातेलं ठेवता येत नाही. त्याला टेअर किंवा झिरो असं बटण असतं तेवढं बघून घ्या, रिकामं भांडं ठेवून ते दाबलं की आकडा शून्यावर येतो आणि मग नुसत्या पास्त्याचं वजन दिसतं. पाकीटच काट्यावर ठेवून झिरो करून त्यातून पास्ता काढत गेलात तर वजा चिन्हासकट किती काढला ते दिसतं, एक भांडं कमी घासायला लागतं. काटा ओट्याच्या सपाट जागेवर ठेवा, टेबलक्लॉथवर नको. सेल संपत आला की आकडे नाचायला लागतात, तेव्हा काट्याला शिव्या न घालता सेल बदला.

प्रश्न (वाई): मी हे मासिक नातीसाठी ठेवते, ती हिंजवडीला असते. तिला आमच्या हाताच्या शेवयांची खीर शिकायचीय. मी सांगते "लिटरभर दुधाला दोन मुठी", तर ती म्हणते आजी ग्रॅममध्ये सांग, माझ्याकडे काटा आहे. मूठ ग्रॅममध्ये कशी सांगू? शेवया खपलीच्या आहेत. आणि आता खपलीचा पास्ता पण मिळतो म्हणे, त्याला वेगळं माप लागतं का?

उत्तर: आजी, नातीचं बरोबर आहे, तिची मूठ तुमच्या मुठीएवढी नाही. आणि हाताच्या शेवया कपात तर बिलकुल मोजू देऊ नका, गुंडाळीचं वेटोळं कपात बसतच नाही, आणि चुरून भरल्या तर किती बारीक चुरल्या त्यावर वजन दीडपटही होतं.

असं करा, एक रिकामी प्लास्टिकची पिशवी घ्या आणि नेहमी खिरीला घेता तशा, विचार न करता, दहा मुठी शेवया त्यात टाका. मोजूनमापून घेऊ नका, हात आपोआप घेईल तेवढ्याच. ती पिशवी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवायला सांगा, नेहमीचं गिऱ्हाईक आहात, नाही म्हणायचा नाही. येईल त्या आकड्याला दहाने भागा, की तुमची एक मूठ निघाली. एकच मूठ तोलली तर ती नेमकी लहान किंवा मोठी निघायची, दहा घेतल्या की सरासरी खरी येते. शेवया भाजायच्या आधी तोला, आणि नातीलाही भाजायच्या आधीच तोलायला सांगा.

खपलीच्या पास्त्याचं वेगळं माप काही नाही. कपात किती मावेल हे धान्यापेक्षा आकारावर ठरतं, खपलीची पेने साध्या पेनेच्या जवळपासच भरते. तशी खपली पास्त्याच्या गव्हाला परकी नाहीच, पास्ता ज्या ड्युरमचा करतात, म्हणजे आपला बन्सी, त्याचा उगम खपलीच्या जातीतूनच झालाय, आणि इटलीत खपलीच्या कुळातल्या गव्हाला फारो म्हणतात. फरक पडतो तो शिजण्यात, म्हणून मिनिटं पाकिटावरची बघा, पहिल्यांदा करताना एक नळी काढून चावून बघा.

नातीला लिहून पाठवताना शेवया, साखर, काजू, बेदाणे ग्रॅममध्ये लिहा आणि दूध मात्र लिटरमध्येच ठेवा, तिच्याकडच्या पिशवीवरही तेच छापलेलं असतं.